एक डोळा गेला की मग या!

म्हातारपणी डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, म्हणजे मॅक्युला, झिजतो. यातल्या ‘ओल्या’ प्रकारात पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढतात, गळतात आणि समोरच्याचा चेहराही दिसेनासा होतो. २००७ मध्ये युरोपात त्यावर ल्युसेंटिस हे इंजेक्शन आलं. थेट डोळ्यात द्यायचं, तेही पुन्हा पुन्हा. ब्रिटनमध्ये एकाची किंमत तेव्हा सुमारे ७६१ पौंड होती!

तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत कोणतं औषध परवडतं हे ‘नाइस’ ही संस्था ठरवते. तिच्या २००७ च्या मसुद्यात काय होतं? औषध मोजक्याच रुग्णांना, दोन्ही डोळ्यांत आजार असेल तरच, आणि त्यातल्या बऱ्या डोळ्याला. एका डोळ्यावर माणसाचं भागतं, हा हिशेब. कागदावर ठीकच आहे हो. पण ज्याचा पहिला डोळा आज वाचू शकतो त्याला काय सांगायचं, दुसरा बिघडेपर्यंत थांब? आणि गेलेली नजर बहुतेकदा परत येत नाही.

अंध आणि नेत्ररुग्णांच्या संघटनांनी रान उठवलं. ऑगस्ट २००८ मध्ये अंतिम निर्णय आला तेव्हा ती अट गेली होती. तोडगा पैशांचाच निघाला: एका डोळ्याला पहिली १४ इंजेक्शनं सरकारच्या खर्चाने, त्यापुढचा औषधाचा खर्च नोव्हार्टिस कंपनीचा. म्हणजे घासाघीस करायला जागा होती तर!

आणि अवास्टिन? कॅन्सरचं हे औषध डोळ्यासाठी कितीतरी स्वस्तात पडतं. २०११ च्या अमेरिकेतल्या चाचणीत एका वर्षानंतर दोन्ही औषधांवरच्या रुग्णांची नजर जवळपास सारखीच निघाली.