भाकर कुठं टेकवायची? बिनधुराच्या चुली आणि भालकीकडचं एक स्वयंपाकघर

१९८७ साली आमच्या घरातली चूल बदलली. भालकी तालुक्यातलं गाव, माळवदाचं घर, धूर जायला छतात एक सानं, बस्स. जुनी चूल आईनंच घातलेली होती. चिकणमाती, भुसा, घोड्याची लीद. शेजारी वैल, मागे भानवस. तिच्या जागी एका गवंड्यानं सकाळभरात तीन भोकांची, सिमेंटच्या धुराड्याची बिनधुराची चूल बांधून दिली. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. सुट्टीत घरी आलो तर आईनं खुरप्यानं त्या चुलीचं तोंड फोडून मोठं केलेलं. मी तिच्यावर ओरडलो. आज ते लिहायला बरं वाटत नाही, पण हे टिपण तिथूनच सुरू होतं.

बिनधुराची चूल आपल्या भागाला तशी अनोळखी असायचं कारण नव्हतं. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बीदर आणि गुलबर्गा हे हैदराबाद राज्याचे जिल्हे. त्याच हैदराबादेतल्या इंजिनिअरिंग संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी १९५०च्या दशकात ‘हैदराबाद चूल’ तयार केली. मातीचीच, पण एकापुढे एक भांड्यांची भोकं, शेवटी धुराडं, आणि ओढ कमी-जास्त करायला पत्र्याची झडप. म्हणजे आपल्याच राजधानीतली चूल! पुढं राज्य तुटलं. आपण म्हैसूर राज्यात गेलो; निलंगा, उदगीर, अहमदपूर हे बीदरचे तालुके मुंबई राज्यात गेले. आईचं माहेर निलंग्याकडचं. इकडे काय नि तिकडे काय, असली चूल तिनं कधी पाहिली नव्हती.

त्याआधी, १९४७च्या सुमारास, वर्ध्याच्या मगनवाडीतून ‘मगन चूल’ निघाली होती. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये अमूल्य रेड्डींच्या पुढाकारानं ‘अस्त्र’ केंद्र सुरू झालं. तिथली तीन भांड्यांची ‘अस्त्र ओले’ कर्नाटकात बरीच पसरली. ओले म्हणजे कन्नडात चूल, हे आपल्याकडच्यांना सांगायला नकोच. १९८३ पासून केंद्र सरकारची सुधारित चुलींची योजना आली. २००२ मध्ये ती बंद होईपर्यंत देशात तीन कोटींहून जास्त चुलींची नोंद झाली. त्यातल्या किती पेटत होत्या, हा प्रश्न वेगळा.

आता मुद्द्याचं. असल्या चुलीची बचत येते ती विस्तव कोंडल्यामुळं. तोंड लहान, हवा मोजून, आणि ज्वाला एका भांड्याखालून दुसऱ्याखाली सरकत जाते. भात, वरण, पाणी तापवणं याला हे उत्तम. भाकरीचं गणित निराळं आहे. काटवटीत थापलेली भाकर तव्यावर टाकायची, वरून पाणी फिरवायचं, उलटायची. इथपर्यंत काम तव्याचं. मग ती तोंडाशी ओढलेल्या आरापुढं उभी टेकवायची. समोरच्या धगीनं ती फुगते, तोवर तव्यावर दुसरी पडलेली असते. एकाच विस्तवाची दोन कामं, वर जाळ आणि पुढं आर. कोंडलेल्या चुलीत दुसऱ्या कामाला जागाच नाही. आई मला तेव्हा एवढंच म्हणाली होती, ‘आरं, मग भाकर कुठं टेकवू?’ मी उत्तरादाखल उष्णतेची टक्केवारी सांगितली!

दुसरी अडचण सरपणाची. आपल्याकडे लाकूड लग्नकार्याला. रोज जळतात तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या. कलबुर्गी-बीदर म्हणजे तुरीचा मुलूख, तुराट्यांना तोटा नाही. पण त्या भरकन पेटतात, भरकन संपतात, सारख्या पुढं साराव्या लागतात. लहान तोंडात एका वेळी दोन-चारच जातात. म्हणून आईनं तोंड मोठं केलं. त्यानं भाकरीची सोय झाली खरी, पण थंड हवा आत घुसू लागली, धुराड्याची ओढ मेली आणि धूर पुन्हा घरात आला. दोन वर्षांत धुराडं काजळीनं चोंदलं. मग तिनं ती चूल काढून पहिल्यासारखी घातली.

तिला पुढं दमा झाला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न चुलीचा विचारला. ज्या धुरासाठी राजूंपासून सगळे झटले तो धूर खोटा नव्हता, आणि आईची भाकरही खोटी नव्हती.

आता घरात गॅस आहे. भाकर मात्र अजून परसातल्या पत्र्याखाली, चुलीवर. गेल्या उन्हाळ्यात ती ढासळली तेव्हा नवी घातली. माती मी तुडवली, मापं आईनं सांगितली. तोंड एक वीत चार बोटं, उंची एक वीत. मागं धुराडं बसवलं, पण पुढचं तोंड तिच्या मापाचंच ठेवलं. धूर निम्मा तरी कमी झाला असेल, मोजला नाही.

हैदराबाद चुलीची ती पत्र्याची झडप आपल्या दोन्ही जिल्ह्यांत मला अजून कुठं सापडलेली नाही. हुमनाबाद, बसवकल्याण, आळंदकडच्या एखाद्या वाड्यात भंगारात पडलेली असेल तर फोटो काढून मंडळाला जरूर कळवा. सोबत तुमच्या घरच्या चुलीच्या तोंडाचं मापही लिहा, वीत-बोटांत चालेल.