बडोद्याचा जामीन

मार्च संपत आला की आपल्या बडोद्यातल्या घराघरांत अमेरिकेचा विषय निघतो. कुणाला कोलंबियाचा होकार, कुणाला हार्वर्डचा नकार. बँकेत असताना काही वर्षं मी शिक्षणकर्जाच्या टेबलावर काढली, म्हणून लोक अजून विचारायला येतात. प्रवेशाचं मला फारसं कळत नाही, पैशाची बाजू कळते. ती बाजू आपल्या संस्थानाने शंभर वर्षांपूर्वी कशी सांभाळली, ते आज लिहितो.

१९०६ साली सयाजीराव महाराज अमेरिका पाहून आले. पुढे चिरंजीव जयसिंगराव हार्वर्डला शिकले. राजपुत्राचं ठीक आहे हो, त्याला कोण जामीन मागणार!

गोव्यातल्या साखवाळच्या धर्मानंद कोसंबींचं तसं नव्हतं. बौद्ध धर्माच्या शोधात घर सोडलेला माणूस. महाराजांनी त्यांना दरमहा ५० रुपये बांधून दिले. अट एवढीच, महाराष्ट्रात कुठेही राहा आणि वर्षाला एक पुस्तक संस्थानासाठी लिहा. पुढे हार्वर्डच्या प्रा. वुड्स यांची ओळख झाली आणि १९१० मध्ये ते 'विशुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या कामाला तिकडे गेले. त्या वाटेने मुलगा दामोदर गेला आणि १९२९ मध्ये हार्वर्डचा पदवीधर झाला. तेच आपले गणिती आणि इतिहासकार डी. डी. कोसंबी.

आणि भीमराव आंबेडकर. वय २२, एल्फिन्स्टनचे बी.ए., वडील त्याच वर्षी वारलेले. १९१३ मध्ये संस्थानाने त्यांना दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, मंजूर केले. जुलैत ते न्यूयॉर्कला कोलंबियात पोहोचले. बँकवाल्याच्या नजरेने तो करार बघा. घर लिहून घेतलं नाही, सोनं नाही. लिहून घेतली ती परत आल्यावर दहा वर्षांची नोकरी.

आमच्याकडे साडेसात लाखांच्या पुढे तारण लागायचं. ठेवीदारांचा पैसा, नियम लागणारच. पण एक मुलगा आठवतो. वडील शिवणकाम करायचे, घर भाड्याचं, हातात चांगल्या विद्यापीठाचं पत्र. मामा जामीन राहायला तयार होते, पण त्यांच्या घरावर आधीच बोजा. फाइल परत गेली. त्या पोराच्या मार्कांचा रकाना कुणी दोनदा वाचला नाही, मालमत्तेचा तीनदा वाचला.

अर्थात जुनं सगळं सोन्याचं होतं असंही नाही. १९१७ मध्ये आंबेडकर करार पाळायला बडोद्याला आले, तेव्हा गावात त्यांना खोली मिळेना. पारशी खानावळीतून बाहेर काढलं. कमाटीबागेतल्या झाडाखाली ते बसले, ती जागा आपण संकल्पभूमी म्हणून ओळखतो. महाराजांनी जामीन दिला, शहराने नाही दिला. दहा वर्षांची नोकरी काही दिवसांतच संपली.

१९२५ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा कोलंबियाचा प्रबंध छापून आला. मी कॉमर्सवाला, म्हणून मुद्दाम मिळवून वाचला. शिक्षणाला मदत केल्याबद्दल कृतज्ञता म्हणून तो सयाजीरावांना अर्पण केलेला आहे.

तुमच्या घरी आजोबा-पणजोबांच्या संस्थानी शिष्यवृत्तीचे कागद असतील, तर खाली फोटो टाका. अटींचं पान नक्की टाका, मला तेच वाचायचंय.