फ्रेंच शब्दांचे अवयवविभाजन

लांब फ्रेंच शब्द उच्चारासाठी अवयवांत, म्हणजे एकेका स्वराभोवती जुळलेल्या ध्वनिगटांत, तोडण्याची रीत.

नियम : दोन स्वरांमधले एकटे व्यंजन पुढील स्वराकडे जाते (आ-नि-माल्, ‘प्राणी’). दोन असल्यास ती विभागली जातात (पार्-तिर्, ‘निघणे’). दुसरे र किंवा ल असेल, तर जोडी सहसा फुटत नाही (ता-ब्लो, ‘चित्र’). आघात पदसमूहाच्या अखेरच्या अवयवावर पडतो.

मूक स्वर : मराठी वाचकाला हा भाग परका वाटू नये. ‘सरपण’ लिहिताना चार अक्षरे, बोलताना सर्-पण् असे दोनच अवयव. फ्रेंचमध्येही लिहिलेला दुर्बल स्वर असाच गळतो. ‘विकास’ या अर्थाच्या शब्दात लेखी अवयव पाच, उच्चारात तीन : दे-व्लोप्-माँ. गळतीमुळे तीन व्यंजने एकत्र येणार असतील, तर तो बहुधा टिकतो : गु-वेर्-न-माँ, ‘सरकार’. हा त्रिव्यंजन-नियम भाषाशास्त्रज्ञ मोरिस ग्रामोँ यांच्या नावाने ओळखला जातो.

दीर्घ शब्द : ‘घटनाविरोधी रीतीने’ या अर्थाचा २५ रोमन अक्षरांचा क्रियाविशेषण शब्द नेहमी उदाहरणादाखल देतात. लेखी अवयव नऊ, उच्चारी आठ : आँ-ति-कोँस्-ति-त्यु-स्यो-नेल्-माँ. येथील चंद्रबिंदू केवळ अनुनासिक स्वर दाखवतो. ‘अंत’मधल्यासारखा न् उच्चारू नये. ‘त्यु’मधील स्वराला देवनागरीत नेमके चिन्ह नाही, ‘ई’साठी जीभ ठेवून ओठांचा चंबू केल्यास तो साधतो.

काव्य : छंदोबद्ध रचनेत व्यंजनापूर्वीचा मूक स्वर मोजतात.

पाचगणी-वाई परिसर : फ्रेंचशी या परिसराचे काही दुवे आहेत. पाचगणीचे सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट (१८९५) ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ या संघाचे, संघाची स्थापना बेल्जियममधील फ्रेंचभाषक लिएज शहरात १८३३ मध्ये झाली. पसरणी घाटाच्या पायथ्याशी वाईत मराठी विश्वकोश घडला (पहिला खंड १९७६). फ्रेंच विशेषनामे देवनागरीत कशी लिहावीत, हा प्रश्न अशा कोशकार्यात पदोपदी येतो. या परिसराबाहेरचा फ्रेंच-मराठी दुवा म्हणजे मराठीची ऐतिहासिक घडण मांडणारा झ्यूल ब्लॉक यांचा ग्रंथ मुळात फ्रेंच (१९२०), वा. गो. परांजपे यांचा मराठी अनुवाद १९४१ चा.

अध्यापन : लांब शब्द शेवटाकडून बांधावा : माँ, नेल्-माँ, स्यो-नेल्-माँ. त्यामुळे आघाताची जागा प्रथमपासून पक्की होते आणि शब्द वाढला तरी ती ढळत नाही.