पट्टा, धारेचा

सुरी, वस्तरा, पटाशी किंवा रंध्याचे पाते दगडावर पाजळून झाल्यावर धारेवर शेवटचा हात फिरवण्यासाठी वापरतात ती चामड्याची पट्टी. न्हाव्याच्या दुकानात ती खिळ्याला लोंबती असे. बदलत्या ब्लेडचे वस्तरे आले आणि बहुतेक ठिकाणी ती उतरली. लाकडात कोरीवकाम करणारे मात्र आजही फळीवर चामडे चिकटवून तिच्यावर हत्यार फिरवतात.

पट्टा धार लावत नाही, लावलेली धार साफ करतो. पाते दगडावर झिजताना अगदी टोकाशी पोलादाची अतिपातळ कोर उरते आणि तुटून न पडता पलीकडच्या बाजूला वळते. कारखान्यात तिला ‘बर’ म्हणतात. डोळ्यांना ती सहसा दिसत नाही; पात्याच्या पाठीकडून धारेकडे अंगठा हलकेच सरकवला की खरखर लागते. बर तशीच राहिली तर सुरी पहिल्या काही टोमॅटोंवर झकास चालते. मग कोर मुडपते, टोमॅटो चेपू लागतो आणि दोष पोलादाच्या माथी जातो.

कोरे चामडे पुरते का, हा जुना वाद. अमेरिकेतील आयोवा स्टेट विद्यापीठाचे धातुशास्त्रज्ञ जॉन व्हर्होवेन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धारा तपासून २००४ मध्ये अहवाल लिहिला: कोऱ्या चामड्याने बर फारशी निघत नाही, क्रोमियम ऑक्साइड लावलेल्या चामड्याने निघते. पट्ट्यावर घासायला बाजारात मिळणाऱ्या हिरव्या कांडीचा रंग याच ऑक्साइडचा. तिच्यात पुष्कळदा ॲल्युमिनाही मिसळलेले असते. घरच्या साध्या सुरीला ती पुरेशी आहे. व्हॅनेडियम भरपूर असलेल्या पोलादातील कार्बाइडचे कण ॲल्युमिनापेक्षाही कठीण. तिथे हिऱ्याची पूडच हवी.

दगडांचा नंबर जितका मोठा तितके कण बारीक. स्वयंपाकघरातल्या सुरीची धार १००० नंबरच्या दगडावर बसवून ३००० ते ६००० वर गुळगुळीत केली की पट्ट्याला फार काम उरत नाही.

पट्ट्यावर पाते नेहमी पाठीच्या दिशेने ओढतात, धार मागे. उलट ढकलले तर चामडेच कापते. खरी चूक जोर लावण्यात होते: चामडे दबते, धारेमागे पुन्हा फुगते आणि टोक गोल करून टाकते. वस्तऱ्याची पाठ व धार दोन्ही चामड्याला टेकतात, त्यामुळे कोन आपोआप सांभाळला जातो. सुरीचा कोन, एका बाजूला साधारण १५ ते २० अंश, मनगटानेच राखावा लागतो.

खांडे पडलेल्या पात्याला पट्टा उपयोगाचा नाही. ते दगडावरच जायला हवे. दारावर येणाऱ्या धारवाल्याच्या फिरत्या चाकावर खांडे झटपट जातात, पण हात जड पडला तर पाते तापते. धारेशी निळी झाक दिसली म्हणजे तिथले पोलाद ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले आणि त्याचे पाणी उतरले. मग कितीही पट्टा मारला तरी धार टिकत नाही. निळा भाग दगडावर घासून काढावाच लागतो.