वाकून बसण्याचा इतिहास

मंडळी, मी इतिहासाचा मास्तर. एकतीस वर्षं शाळेत शिवकाल, फ्रेंच राज्यक्रांती आणि दोन महायुद्धं शिकवली. मोटरसायकल अभ्यासक्रमात नव्हती, त्यामुळे तिचा इतिहास निवृत्तीनंतर स्वतःच वाचावा लागला. निमित्त असं की भाचा कॅनडात गेला आणि त्याची पुढे झुकून चालवायची स्पोर्ट बाइक आमच्या जिन्याखाली राहिली. माझी निम्मी हयात येझदीवर गेली, ताठ बसून. १९८८ साली घाटात सांडलेल्या डिझेलवरून घसरलो. तेव्हापासून डाव्या मांडीत सळई आहे, डावा गुडघा पुरता मिटत नाही आणि उजवं मनगट पावसाळ्यात माझ्याआधी जागं होतं. असल्या शरीराला ही नवी बैठक दहा मिनिटांत नकोशी झाली. मग प्रश्न पडला, असं वाकून बसायचं ठरवलं तरी कुणी?

उत्तर सोपं आहे, वाऱ्यानं. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. सुरुवातीच्या मोटरसायकली म्हणजे इंजिन लावलेल्या सायकलीच, त्यामुळे बसणंही सायकलीसारखं. शर्यती सुरू झाल्या तसं स्वारांच्या ध्यानात आलं की गाडीच्या वाटेतला सगळ्यात मोठा अडथळा आपण स्वतःच आहोत. मोटो गुझ्झी ह्या इटालियन कंपनीनं तर १९५० साली आपल्या मांडेल्लोच्या कारखान्यात, अख्खी गाडी स्वारासकट आत मावेल असा वाऱ्याचा बोगदाच बांधला.

पण ह्या कथेतलं माझं आवडतं पात्र अमेरिकन आहे, रोलाँड फ्री. हा गडी १३ सप्टेंबर १९४८ रोजी युटा राज्यातल्या बॉनेव्हिलच्या मिठाच्या मैदानावर व्हिन्सेंट गाडी घेऊन उतरला. आधीच्या फेऱ्यांत त्याचे चामडी कपडे वाऱ्यानं फाटत होते. मग त्यानं ते काढूनच टाकले आणि नुसत्या पोहायच्या चड्डीत गाडीवर पालथा पडला. पाय मागं सरळ ताणलेले, हनुवटी खाली. वेग भरला ताशी १५०.३१३ मैल, म्हणजे सुमारे २४२ किलोमीटर. शेजारून धावणाऱ्या मोटारीतून काढलेला तो फोटो जगभर गाजला. आमच्या घरी तो पाहिल्यावर "ह्यांना म्हणावं घरी बायको नव्हती का?" एवढाच शेरा आला.

गंमत अशी, की गाडीवरच्या आरामाचा इतिहास ह्याच शर्यतींतून निघाला. बेलफास्टच्या मॅककँडलेस बंधूंनी नॉर्टन कंपनीसाठी नवी चौकट तयार केली. १९५० मध्ये ती शर्यतीत उतरली. हॅरॉल्ड डॅनियल नावाच्या स्वारानं ती चालवून पाहिली आणि पिसांच्या गादीवर बसल्यासारखं वाटतं, असं सांगितलं. त्या चौकटीला 'फेदरबेड' हे नाव कायमचं चिकटलं. दगडासारखी गाडी अंगातली ताकद आणि लक्ष दोन्ही खाते, आणि थकलेला स्वार चुकतो. म्हणून आराम हा वेगाचाच भाग आहे, हे त्या लोकांना तेव्हाच उमगलं होतं. आपल्याकडे अजूनही गाडीवरच्या आरामाला म्हातारपणाचं लक्षण समजतात.

शर्यतीची बैठक रस्त्यावर आणली ती लंडनच्या पोरांनी. नॉर्थ सर्क्युलर रोडवर 'एस कॅफे' नावाचं खानावळवजा हॉटेल १९३८ पासून होतं. पन्नास-साठच्या दशकांत तिथं जमणाऱ्या तरुणांनी आपल्या साध्या गाड्यांची उंच हँडलं काढून पुढच्या नळ्यांवर आखूड, खाली झुकलेली हँडलं आवळली आणि फूटरेस्ट मागं सरकवले. ह्याच 'कॅफे रेसर'. १९६९ साली ते कॅफे बंद पडलं (२००१ मध्ये पुन्हा उघडलं), पण बैठक उरली. पुढं जपान्यांनी ती कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली. १९८५ ची सुझुकी जीएसएक्स-आर ७५०, १९९२ ची होंडा फायरब्लेड, १९९८ ची यामाहा आर-वन. आपल्याकडे हे लोण उशिरा आलं. बुलेट, राजदूत, येझदी ह्या सगळ्या ताठ बसायच्या गाड्या. १९९९ ची सीबीझेड आणि २००१ ची पल्सर ह्यांनी तरुणांना वेगाची चव लावली आणि २००८ च्या आर-फिफ्टीननं त्यांना खरं वाकवलं.

आता ह्यात एक मेख आहे आणि ती मला कुणी सांगितली नव्हती. वाकलेली बैठक वेगासाठी आहे. वेगात असताना समोरचा वारा छातीला उचलून धरतो आणि मनगटावरचा भार हलका होतो. शहरात ताशी तीसच्या वेगात तो वारा कुठून येणार? मग धडाचं सगळं वजन येतं मनगटांवर. म्हणजे ही गाडी बिंदू चौकातल्या गर्दीत जेवढी दुखवते, तेवढी मोकळ्या हमरस्त्यावर दुखवत नाही. आणि आपण ती चालवतो बहुतेक वेळ गर्दीतच!

असो. मूळ प्रश्न असा, की मोडकं शरीर ह्या बैठकीत बसवायचं कसं. इथं मला बॅरी शीन भेटला. हा लंडनचा पोरगा, जन्म १९५०, म्हणजे जवळजवळ माझ्याच वयाचा. १९७५ साली डेटोनाला सराव करताना ताशी पावणेदोनशे मैलांच्या आसपास मागचा टायर निकामी झाला. मांडी, हात, गळपट्टीचं हाड, बरगड्या, सगळं मोडलं. सात आठवड्यांत तो पुन्हा शर्यतीत होता, आणि १९७६ व १९७७ अशी दोन वर्षं ५०० सीसीचा जगज्जेता झाला. १९८२ मध्ये सिल्व्हरस्टोनला आडव्या पडलेल्या गाडीवर आदळून दोन्ही पायांचा चुरा झाला. नॉर्दॅम्प्टनचे शल्यविशारद नायजेल कॉब ह्यांनी प्लेटा आणि दोन डझनांहून जास्त स्क्रू घालून ते पाय उभे केले. १९८३ मध्ये गडी पुन्हा मैदानात! पुढं सांधेदुखीला ऊब बरी म्हणून तो ऑस्ट्रेलियात जाऊन राहिला. २००२ मध्ये, कर्करोगाचं निदान झालेलं असताना, इंग्लंडातल्या गुडवुडला जुन्या मँक्स नॉर्टनवर त्यानं शर्यत जिंकली. मार्च २००३ मध्ये गेला.

शीनचं कौतुक करताना माझं मन थोडं अडखळतं. दुखणं सोसलं की पराक्रम झाला, हे शर्यतीच्या जगात फारच सहज मानतात. २०१३ मध्ये जॉर्ज लोरेन्झोनं ॲसनला गुरुवारी गळपट्टीचं हाड मोडून घेतलं, विमानानं बार्सिलोनाला जाऊन प्लेट बसवून घेतली आणि शनिवारी शर्यतीत पाचवा आला. वाचताना अंगावर काटा येतो, पण मी वर्गात असतो तर मुलांना हे उदाहरण दिलं नसतं.

मी दिलं असतं ते मिक डूहनचं. १९९२ चा मोसम ह्या ऑस्ट्रेलियन स्वाराचा होता, तो मोठ्या फरकानं पुढं होता. जूनमध्ये ॲसनला सरावात पडला आणि उजवा पाय मोडला. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत होऊन पायाचा रक्तपुरवठा बिघडला आणि पाय कापायची वेळ आली. शर्यतींबरोबर फिरता दवाखाना चालवणारे इटालियन डॉक्टर क्लाउडिओ कोस्टा ह्यांनी त्याला इटलीला नेलं आणि चांगल्या पायाचं रक्त मोडक्या पायाला मिळावं म्हणून दोन्ही पाय चक्क एकमेकांना शिवून ठेवले. पाय वाचला. मोसमाच्या शेवटच्या दोन शर्यतींना डूहन कसाबसा उभा राहिला आणि अजिंक्यपद चार गुणांनी हुकलं.

पण माझ्या दृष्टीनं खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. त्याचा उजवा घोटा नीट वाकेना. मोटरसायकलचा मागचा ब्रेक उजव्या पायानं दाबायचा असतो. मग त्याच्या टीमनं काय केलं? मागच्या ब्रेकचा छोटा लिव्हर डाव्या मुठीजवळ बसवला, अंगठ्यानं दाबायचा. पाय बरा होईल, सवय होईल, असं म्हणत कुणी बसलं नाही. १९९४ ते १९९८ अशी सलग पाच वर्षं डूहन जगज्जेता झाला. १९९७ मध्ये तर पंधरापैकी बारा शर्यती त्यानं मारल्या. आणि पुढचा भाग ऐका. उजव्या वळणावर गाडी जमिनीपर्यंत कलंडते तेव्हा धडधाकट माणसाच्या पायालाही ब्रेक दाबायला जागा उरत नाही. म्हणून आज मोटो जीपीतले कित्येक तंदुरुस्त स्वार हाच हाताचा ब्रेक लावून घेतात. लंगड्याची सोय धावणाऱ्यांच्या कामी आली!

मी हे वाचलं आणि माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलो. तो आता हाडांचा डॉक्टर आहे. एक्स-रे उजेडात धरून तो म्हणाला, "सर, गाडी सोडा असं मी म्हणणार नाही. पण गुडघा आता बदलायचा नाही, बाकी सगळं बदला." घरच्यांनी मला त्याच्याकडे पाठवलं होतं ते ह्याच्या नेमक्या उलट ऐकून यायला. सौ. दोन दिवस बोलल्या नाहीत. त्यांचं म्हणणंही खोटं नाही. १९८८ मध्ये तीन महिने मला उठवायचं-बसवायचं काम त्यांनी केलं होतं, गाडीनं नव्हे.

मग आमचे मिस्त्री आणि मी बसलो. हँडल दीड इंच वर आलं. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर थोडे खाली फिरवले, बोटं टेकवल्यावर मनगट हाताच्या सरळ रेषेत राहील इतके. लेथवाल्याकडून पट्टी करून डावा फूटरेस्ट एक इंच खाली आणि जरा पुढं घेतला, आणि गिअरचा दांडा त्याला जुळवला. "गुरुजी, उजवा पण घेऊ का?" मिस्त्रींनी विचारलं. म्हटलं, उजवा गुडघा धड आहे, त्याला कशाला? त्यामुळे गाडी आता दोन बाजूंनी दोन मापांची आहे. मागचा शॉकअप माझ्या वजनाला मऊ केला. सीटवर जाड फोम टाकून पाहिला तो मात्र काढला, कारण अंग पुढं घसरून टाकीवर येत होतं आणि भार पुन्हा मनगटांवर.

एवढं करूनही निम्मं काम शरीराचंच असतं. टाकी मांड्यांनी धरायची आणि धड पोटाच्या अन् पाठीच्या स्नायूंनी तोलायचं, कोपरं सैल. हँडल हे वळवायला असतं, लोंबकळायला नसतं. पोट-पाठीचे व्यायाम मी रोज वीस मिनिटं करतो. चाळीस मिनिटांनी थांबायचंच, दुखो वा न दुखो. दुखायला लागल्यावर थांबलं तर उशीर झालेला असतो. उजवी मूठ बधिर वाटली तर त्या दिवशी गाडी परत, ब्रेकचा हात तोच. आणि दर वर्षी डॉक्टरसमोर गाडी भिंतीशी उभी करून ती स्वतः स्टँडवर घेऊन दाखवायची. ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी किल्ली सौ.च्या हातात. हा करार लेखी आहे.

ह्या मोसमात मी वेन रेनीचं पुन्हा वाचतो आहे. तीन वेळचा जगज्जेता, १९९३ च्या सप्टेंबरमध्ये मिसानोला पडला आणि छातीखालचं शरीर कायमचं निर्जीव झालं. डूहनचं अजिंक्यपद चार गुणांनी ज्यानं नेलं तो हाच. २०१९ मध्ये, सव्वीस वर्षांनी, सुझुका इथं तो पुन्हा मोटरसायकलवर बसला. गिअर हातानं टाकायची सोय केलेली, आणि पाय सुटू नयेत म्हणून बूट फूटरेस्टला अडकवलेले. २०२२ मध्ये गुडवुडला त्याच्या १९९२ च्याच यामाहावर तो फिरला, हाताचे ब्रेक-गिअर लावून. सोबत जुने स्वारही गाड्या घेऊन होते, त्यात डूहनही होता. चित्रफितीत रेनीला चार माणसं उचलून गाडीवर ठेवतात आणि सुटेपर्यंत धरून ठेवतात. सौ.ना ती दाखवली. त्यांनी पूर्ण पाहिली आणि "परत आल्यावर उतरवून घ्यायलाही माणसं उभी असतील ना?" असं विचारलं. होती.

सध्या माझी मजल पन्हाळ्यापर्यंत. वाघबीळला चहा, मग वर.