लहान पेटीतील मंद्र ध्वनी

लहान पेटीतील मंद्र ध्वनी : सुमारे २० ते १०० हर्ट्झ कंप्रतेचा (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येचा) ध्वनी लहान आकाराच्या पेटीतून निर्माण करण्याची युक्ती. मोटारगाडीच्या डिकीत बसविला जाणारा सबवूफर हे तिचे आजचे सर्वपरिचित रूप होय. ४० हर्ट्झच्या स्वराची हवेतील तरंगलांबी साडेआठ मीटर, तर पेटी जेमतेम हातभर. ही विषमता कशी हाताळली गेली, हाच या विषयाचा इतिहास आहे.

कोंडलेल्या हवेचा वाद्यात उपयोग करण्याची रीत मराठवाड्यास नवी नाही. नांदेड जिल्ह्यातील माहूरची रेणुका आणि लातूरच्या शेजारी असलेल्या तुळजापूरची भवानी यांच्या गोंधळात वाजणारा संबळ म्हणजे चामड्याने मढविलेल्या एका लहान व एका मोठ्या भांड्याची जोडी. चामडे आत दबले की आतील हवा त्यास परत ढकलते; भांडे जितके लहान, तितका हा विरोध अधिक. सबवूफरच्या पेटीतही नेमके हेच घडते.

अमेरिकेतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये चुंबकीय क्षेत्रात हलणारे वेटोळे व त्यास जोडलेला कागदी शंकू असलेला ध्वनिक्षेपक सिद्ध केला. शंकूच्या पुढून व मागून निघणाऱ्या लहरी परस्परविरोधी असल्याने उघड्यावर मंद्र स्वर नष्ट होतात, म्हणून पेटी आवश्यक ठरली. आल्बर्ट थुरस यांनी पेटीस छिद्र ठेवून मागील लहरीचाही उपयोग करून घेतला (एकस्व १९३२). परंतु पेट्या कपाटाएवढ्याच राहिल्या. या अडचणीतून खरी वाट काढली ती एडगर व्हिल्चर यांनी. तोपर्यंत शंकू ताठ कडांवर तोलला जाई. १९५४ मध्ये त्यांनी कडा अगदी सैल ठेवून शंकू परत आणण्याचे काम बहुतांशी पेटीतील हवेकडे सोपविले. हवा ही ताठ कडांपेक्षा अधिक निर्दोष स्प्रिंग असल्याने स्वराची विकृती घटली आणि पेटी लहान झाली. याची किंमत कार्यक्षमतेच्या रूपाने मोजावी लागली. खोल स्वर, लहान पेटी व अल्प शक्ती या तिन्ही गोष्टी एकत्र साधत नाहीत. विक्रेत्यांच्या जाहिराती काहीही म्हणोत.

ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थीले (१९६१) व रिचर्ड स्मॉल (१९७२-७३) यांनी हा व्यवहार गणितात मांडला. ध्वनिक्षेपकाची स्वतःची अनुस्पंदन कंप्रता ३० हर्ट्झ असून त्याच्या कडांची लवचिकता ६० लिटर हवेइतकी असेल, तर २० लिटरच्या बंद पेटीत ती कंप्रता ६० हर्ट्झवर जाते. पेटीत पॉलिएस्टर तंतूंचा कापूस सैल भरल्यास ती पेटी किंचित मोठी असल्याप्रमाणे वागते.

बंद काचांच्या गाडीत या तोट्याची काही अंशी भरपाई होते. अर्धी तरंगलांबी गाडीच्या आतील लांबीहून मोठी झाली की सर्व हवा एकदमच दाबली जाऊ लागते. आतील लांबी २.७ मीटर असल्यास ही सीमा सुमारे ६३ हर्ट्झवर येते. तिच्याखाली बंद पेटीचा स्वर ज्या दराने घटतो, तत्त्वतः त्याच दराने गाडी तो वाढविते. प्रत्यक्षात पत्रा थरथरतो, फटींतून हवा निसटते आणि लाभ कमी पडतो. म्हणून जुळणी करताना प्रथम पेटीचे सांधे हवाबंद करावे लागतात. नंतर सुमारे ८० हर्ट्झवरील स्वर गाळणीने तोडावे, आणि तारांची दिशा एकदा उलटून चालकाच्या आसनावर कोणती जुळणी अधिक भरीव वाटते ते पाहावे. विवर्धकाची पातळी सर्वांत शेवटी ठरवावी. बहुतेक जण ती प्रथम वाढवितात. नांदेड-लातूरकडील उन्हाळाही हिशेबात धरावा लागतो. वेटोळ्याचे तापमान १०० अंशांनी वाढल्यास तांब्याचा रोध सुमारे ३९ टक्क्यांनी वाढतो व आवाज उतरतो. उन्हात उभ्या गाडीत ही वाढ आधीच सुरू झालेली असते.

मिरवणुकीतील उघड्या वाहनावर गाडीतला हा लाभ मिळत नाही. तेथे मोठ्या पेट्यांच्या भिंती रचून प्रचंड शक्ती ओतावी लागते. जेथे सोळा रस्ते एकत्र येतात त्या लातूरच्या गंजगोलाईसारख्या दाट वस्तीत हा नाद दारे-खिडक्या हलवितो. भारताच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागातील मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल आहे. परंतु ती कानाच्या संवेदनक्षमतेनुसार भारित अशा ‘ए’ मापनश्रेणीत मोजली जाते. या श्रेणीत ५० हर्ट्झचा ध्वनी प्रत्यक्षाहून सुमारे ३० डेसिबेलने कमी नोंदला जातो. हलक्या आवाजांकरिता आखलेली ही सूट सबवूफरच्या प्रखर नादास लागू करणे प्रस्तुत लेखकास योग्य वाटत नाही. भिंती हादरत असतानाही मापकावरील आकडा त्या मानाने बराच सौम्य दिसू शकतो.