तळटीप : लॉरा ब्रिजमन
लॉरा ब्रिजमन (१८२९–१८८९) : दोन वर्षांची असताना तापात दृष्टी व श्रवण दोन्ही गमावलेली अमेरिकी मुलगी. १८३७मध्ये ती बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत आली. डॉ. सॅम्युअल हाउ यांनी चमचा, किल्ली अशा वस्तूंना उठावदार अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवून तिला आधी शब्द शिकवले. समोरच्याच्या तळहातात बोटांनी अक्षरे उमटवण्याची खूणलिपी नंतरची. डिकन्सने १८४२च्या अमेरिका-प्रवासवर्णनात तिच्याविषयी लिहिले. ते अंध-बधिर हेलन केलरच्या आईने वाचले आणि त्या धाग्याने पुढे, १८८७मध्ये, ॲन सुलिव्हन हेलनची शिक्षिका म्हणून केलरांच्या घरी पोचली. पर्किन्समध्ये शिकताना सुलिव्हन वृद्ध लॉराशी याच खूणलिपीत बोलत असे. प्रस्तुत लेखकाने हेलनच्या शिक्षणाचे सारे श्रेय एकट्या सुलिव्हनला दिले आहे, ते एकांगी वाटते. — संपा.